वंगणतेलाची निवड : खनिज की संश्लिष्ट?

तंजावर आणि कुंभकोणम या दोन प्राचीन नगरांच्या दरम्यान, कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात पापनाशम हे लहानसे गाव वसले आहे. तिरुनेलवेली भागातील याच नावाच्या तीर्थस्थानाहून हे वेगळे. मराठी राजघराण्याने सुमारे सव्वाशे वर्षे ज्या तंजावर राज्यावर सत्ता चालवली, त्याच राज्याचा हा सुपीक भाग होय. येथील शिवमंदिराच्या आवारात नायक राजांच्या काळातील भाताचे भव्य कोठार अजूनही उभे आहे. भात, कालवे आणि मंदिरे ही या प्रदेशाची पूर्वापार ओळख. आज तिच्यात मोटारगाडीची भर पडली आहे. तंजावर-कुंभकोणम रस्त्यावर दिवसभर वाहनांची ये-जा चालू असते आणि रस्त्याच्या कडेला तेलाच्या डब्यांनी भरलेल्या फळ्यांची दुकाने दिसतात.

अशा एखाद्या दुकानासमोर उभ्या असलेल्या तीन गाड्या वाचकाने डोळ्यांसमोर आणाव्यात. पहिली भाताच्या व्यापाऱ्याची जुनी अँबेसडर. दुसरी यात्रेकरूंना नवग्रहांच्या नऊ देवळांचे दर्शन घडवणारी, कर्ज काढून घेतलेली भाड्याची पेट्रोल गाडी. तिसरी एका निवृत्त शिक्षिकेची टर्बो एंजिनाची नवी लहान गाडी. ती बाजार आणि बँक यांपलीकडे क्वचितच जाते. तिघांनाही एकच प्रश्न पडलेला असतो : नेहमीचे खनिज तेल घालावे, की दुप्पट किमतीचे संश्लिष्ट? दुकानदार एक सांगतो, मिस्त्री दुसरे सांगतो आणि डब्यावरील जाहिरात तिसरेच सांगते. चुकीच्या निवडीने पहिल्याचे पैसे वाया जातात; दुसऱ्याचे मात्र उपजीविकेचे साधनच धोक्यात येते. म्हणून या प्रश्नाचा मुळापासून विचार करणे इष्ट ठरते.

तेलाचे कार्य

बैलगाडीच्या आसाला वंगण घातले नाही तर चाक करकरते आणि आस झिजतो, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. मोटारीच्या एंजिनात तत्त्व तेच आहे, वेग मात्र अनेक पटींनी अधिक आहे. एंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असताना त्यातील भुजादंड दर सेकंदाला ५० वेळा फिरतो. हा पोलादी दंड आणि त्याला आधार देणारा धारवा यांच्यामध्ये तेलाचा केवळ काही मायक्रॉन जाडीचा पडदा असतो. माणसाचा केस याच्या कित्येक पट जाड असतो. दंड फिरू लागला की तो स्वतःच तेलाला पाचरीसारख्या अरुंद जागेत ओढून घेतो. तेथे निर्माण होणाऱ्या दाबाने दंड उचलला जातो व धातूचा धातूला स्पर्श होत नाही. हा पडदा फाटला की काही क्षणांतच धारवा वितळून चिकटू शकतो. यालाच सामान्य भाषेत एंजिन जाम होणे म्हणतात.

घर्षण कमी करणे हे तेलाचे पहिले काम असले तरी ते एकमेव नाही. दट्ट्याची उष्णता वाहून नेणे, काजळी व धातूचे कण स्वतःमध्ये तरंगत ठेवून गाळणीपर्यंत पोहोचवणे, ज्वलनातून उत्पन्न होणाऱ्या आम्लांचा प्रभाव नाहीसा करणे, गंज रोखणे आणि दट्ट्याच्या कड्यांजवळील फट बुजवून वायूचा दाब टिकवणे ही कामेही त्यालाच करावी लागतात. केवळ तेलाने हे साधत नाही. म्हणून मूलतेलात विविध समावेशके मिसळलेली असतात : मळ धुणारी, काजळी विखुरलेली ठेवणारी, झीज रोखणारी जस्त व फॉस्फरसयुक्त संयुगे, फेस न होऊ देणारी आणि ऑक्सिडीकरण लांबवणारी. डब्यातील तेलाचा साधारणतः तीन-चतुर्थांश ते नऊ-दशांश भाग मूलतेलाचा आणि उरलेला समावेशकांचा असतो. ‘खनिज’ आणि ‘संश्लिष्ट’ हा भेद प्रामुख्याने मूलतेलाचा आहे, हे येथेच लक्षात ठेवावे.

मूलतेल कसे तयार होते

खनिज मूलतेल जमिनीतून निघणाऱ्या कच्च्या तेलापासून मिळते. पेट्रोल, रॉकेल आणि डिझेल वेगळे काढल्यावर उरलेला जड भाग निर्वात अवस्थेत ऊर्ध्वपातित करतात. नंतर विद्रावकांच्या साहाय्याने त्यातील नको असलेली संयुगे व मेण काढून टाकतात. पापनाशमच्या दुकानात येणाऱ्या डब्यांचा या उद्योगाशी असलेला संबंध फार दूरचा नाही. मद्रासजवळील मनली येथे १९६९ मध्ये सुरू झालेला तेलशुद्धीकरण कारखाना इंधनाबरोबर वंगणाचे मूलतेलही तयार करीत आला आहे. मुंबईत माहुल येथील हिंदुस्तान पेट्रोलियमचा कारखानाही त्यासाठी प्रसिद्ध आहे. इंडियन ऑइलने ‘सर्वो’ या नावाने आपली वंगणे १९७२ मध्ये बाजारात आणली.

शुद्धीकरण कितीही काळजीपूर्वक केले तरी खनिज तेल म्हणजे लहानमोठ्या, सरळ आणि वळणदार अशा असंख्य प्रकारच्या रेणूंचे मिश्रण असते. हलके रेणू उष्णतेने लवकर उडून जातात, मेणासारखे रेणू थंडीत गोठतात आणि काही रेणूंचे ऑक्सिडीकरण इतरांहून लवकर होते. नाना जातींचा तांदूळ एकाच भांड्यात शिजवला तर काही शिते मऊ होतात, काही कच्ची राहतात. तसाच हा प्रकार आहे. संश्लिष्ट तेलामागील कल्पना अशी, की निसर्गाने दिलेले मिश्रण निवडत बसण्यापेक्षा हवे तसे रेणू घडवावेत.

ही कल्पना बरीच जुनी आहे. चार्ल्स फ्रीडेल आणि जेम्स क्राफ्ट्स यांनी १८७७ मध्ये हायड्रोकार्बने प्रयोगशाळेत घडवण्याचा मार्ग दाखवला. १९२९ मध्ये अमेरिकेत अशा तेलाच्या व्यापारी उत्पादनाचा प्रयत्न झाला, पण खनिज तेल विपुल आणि स्वस्त असल्याने त्याला गिऱ्हाईक मिळाले नाही. दुसऱ्या महायुद्धात खनिज तेलाचा तुटवडा आणि रशियातील कडाक्याची थंडी यांमुळे जर्मनीला संश्लिष्ट वंगणांकडे वळावे लागले. पुढे जेट विमानांच्या एंजिनांनी त्यांना कायमचे स्थान मिळवून दिले. मोटारगाड्यांसाठी ही तेले १९७० नंतरच्या दशकात सर्वसामान्य बाजारात आली. वाहनांच्या इतिहासाच्या आरंभी मात्र वनस्पतिज तेलांनाही मान होता. विमानांच्या फिरत्या एंजिनांत एरंडेल वापरले जाई आणि ‘कॅस्ट्रॉल’ हे नाव एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच आलेले आहे.

एका शब्दाचे अनेक अर्थ

अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने मूलतेलांचे पाच गट केले आहेत. पहिल्या गटात विद्रावकांनी शुद्ध केलेली पारंपरिक तेले येतात. दुसऱ्या गटातील तेलांवर हायड्रोजनची प्रक्रिया केलेली असल्याने त्यांत गंधक फारच अल्प, ०·०३ टक्क्यांहून अधिक नसते. तिसऱ्या गटात हीच प्रक्रिया अधिक तीव्रतेने करून मूळ रेणू तोडून नव्याने रचलेले असतात. तापमान बदलले तरी या तेलांचा दाटपणा तुलनेने कमी बदलतो. चौथ्या गटात पॉलिअल्फाओलेफीन ही पूर्णतः घडवलेली तेले असून पाचव्या गटात एस्टरांसारख्या उरलेल्या सर्व तेलांचा समावेश होतो.

पूर्वी ‘संश्लिष्ट’ हा शब्द चौथ्या आणि पाचव्या गटांपुरताच मर्यादित समजला जाई. तिसऱ्या गटातील तेल कच्च्या तेलापासूनच निघते, मग त्याला संश्लिष्ट म्हणावे काय, यावरून अमेरिकेत दोन मोठ्या कंपन्यांत वाद झाला. जाहिरातींची छाननी करणाऱ्या तेथील मंडळाने १९९९ मध्ये असा निर्वाळा दिला, की त्या तेलालाही संश्लिष्ट म्हणणे अवाजवी नाही. तेव्हापासून या शब्दाचा अर्थ रुंदावला आणि आज ‘पूर्ण संश्लिष्ट’ असे लिहिलेल्या कित्येक डब्यांत मुख्यत्वे तिसऱ्या गटाचेच तेल असते. नैसर्गिक वायूपासूनही असे तेल घडवता येते. कतारमधील ‘पर्ल’ कारखान्यात २०११ पासून हा उद्योग मोठ्या प्रमाणावर चालू झाला.

यात ग्राहकाची फसवणूकच होते असे मानण्याचे कारण नाही. तिसऱ्या गटाची उत्तम तेले गुणांत चौथ्या गटाच्या पुष्कळ जवळ पोहोचली आहेत. परंतु यावरून एक बोध घ्यावा : ‘संश्लिष्ट’ हा शब्द तेलाच्या कुळाविषयी काही सांगतो, त्याच्या योग्यतेविषयी पुरेसे सांगत नाही. ‘अर्धसंश्लिष्ट’ हा शब्द तर याहून सैल आहे. मिश्रणातील संश्लिष्ट भाग किती, हे डब्यावर सहसा लिहिलेले नसते.

दाटपणाचे आकडे

डब्यावर १५डब्ल्यू-४० किंवा ५डब्ल्यू-३० असे आकडे असतात. श्यानता, म्हणजेच तेलाचा दाटपणा, दाखवणारी ही पद्धती अमेरिकेतील स्वयंचल अभियंत्यांच्या संस्थेची असून तिचे मूळ १९११ पर्यंत मागे जाते. ‘डब्ल्यू’ हे अक्षर हिवाळ्याचे द्योतक आहे. त्याच्या अलीकडील आकडा जितका लहान, तितके तेल थंडीत अधिक प्रवाही. १५डब्ल्यू तेलाची परीक्षा उणे २० अंश सेल्सियसला घेतात, ५डब्ल्यूची उणे ३० अंशांना. पलीकडील आकडा तापलेल्या तेलाविषयी असतो. १०० अंशांना श्यानता ९·३ ते १२·५ सेंटिस्टोक असल्यास ३० आणि १२·५ ते १६·३ असल्यास ४० हा क्रमांक दिला जातो.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ५डब्ल्यू-३० हे तेल गरम झाल्यावर दाट होते असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात प्रत्येक तेल तापल्यावर पातळच होते. प्रश्न किती पातळ होते, एवढाच असतो. १५डब्ल्यू-४० प्रकारच्या नेहमीच्या खनिज तेलाची श्यानता ४० अंशांना सुमारे ११० सेंटिस्टोक असेल, तर १०० अंशांना ती १४ च्या आसपास उतरते. ५डब्ल्यू-३० प्रकारच्या संश्लिष्ट तेलात ही घसरण साधारणपणे ६५ वरून ११ पर्यंत होते. खनिज तेलाची घसरण अधिक तीव्र असल्याने ती सावरण्यासाठी त्यात लांब साखळीची बहुवारिके मिसळावी लागतात. एंजिनातील दात्यांमध्ये आणि अरुंद फटींत सापडून या साखळ्या हळूहळू तुटतात व तेल पातळ पडते. संश्लिष्ट तेलाला या टेकूची गरज कमी असते, हा त्याचा एक खरा गुण आहे.

आता पापनाशमच्या हवामानाकडे पाहावे. लेह किंवा काश्मीरमध्ये पहाटे पारा शून्याच्या बराच खाली जातो, तेव्हा दाट तेल पंपापर्यंत पोहोचण्यास विलंब होतो आणि तेवढ्या वेळात एंजिन कोरडे घासते. तेथे ०डब्ल्यू किंवा ५डब्ल्यू तेल हे संरक्षण होय. कावेरीच्या खोऱ्यात हिवाळ्यातही पहाटेचे तापमान २० अंशांच्या आसपास असते. थंडीतील प्रवाहीपणा हा संश्लिष्ट तेलाचा सर्वाधिक गाजलेला गुण येथे बव्हंशी निरुपयोगी ठरतो. थंड देशांतील पुस्तके आणि जाहिराती जशाच्या तशा स्वीकारल्या, तर पापनाशमचा ग्राहक न येणाऱ्या बर्फासाठी पैसे मोजत राहील.

उष्णता आणि काळ

परंतु येथील उन्हाळा आणि येथील रस्ते यांचा विचार केला की पारडे दुसरीकडे झुकते. तेलाचा खरा शत्रू उष्णता हा आहे. तेलाचे तापमान दर १० अंशांनी वाढले की ऑक्सिडीकरणाचा वेग सुमारे दुप्पट होतो, असा स्थूल नियम आहे. ऑक्सिडीकरण झालेले तेल दाट व आम्लयुक्त होते आणि शेवटी त्याचा डांबरासारखा गाळ बनून तेलाच्या वाटा बुजवतो. रेणूंच्या एकसारखेपणामुळे संश्लिष्ट तेल या क्रियेला अधिक काळ तोंड देते. त्याची वाफही कमी होते. तेल २५० अंशांना एक तास तापवून किती उडून जाते, हे मोजण्याची एक कसोटी आहे. आधुनिक पेट्रोल एंजिनांच्या तेलांसाठी ही घट १५ टक्क्यांहून अधिक चालत नाही आणि चांगली संश्लिष्ट तेले या मर्यादेच्या बरीच आत राहतात.

नवग्रहांची यात्रा घडवणाऱ्या गाडीला ही कसोटी रोजच द्यावी लागते. तिंगळूरच्या चंद्रापासून तिरुनळ्ळारच्या शनीपर्यंत नऊ देवळे एका दिवसात करायची, वाटेत गर्दीचे बाजार, अरुंद पूल आणि बैलगाड्या. आणि देवळाबाहेर यात्रेकरूंची वाट पाहताना वातानुकूलनासाठी एंजिन चालूच ठेवलेले. अशा वेळी किलोमीटरचा काटा हलत नाही, पण तेल मात्र तापत आणि जुने होत असते. म्हणूनच गाडीच्या पुस्तिकेत ‘कठीण वापर’ असा स्वतंत्र विभाग असतो. पुष्कळदा त्यात तेल बदलण्याचे अंतर निम्म्याने कमी केलेले असते. यात्रेची गाडी निःसंशय याच विभागात मोडते.

टर्बो एंजिनांत उष्णतेचा प्रश्न आणखी तीव्र होतो. बाहेर जाणाऱ्या तप्त वायूंच्या जोरावर फिरणारे टर्बोचे चाक मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकते आणि त्याच्या धारव्याला वंगण एंजिनाच्या तेलाचेच मिळते. भरधाव प्रवासानंतर एंजिन एकदम बंद केले की तेथे अडकलेले तेल भाजून निघते व कोळशासारखे कण तयार होतात. अशा एंजिनांत संश्लिष्ट तेल ही चैन राहत नाही.

लहान फेऱ्यांची गाडी

निवृत्त शिक्षिकेची गाडी वर्षाला जेमतेम ३,००० किलोमीटर चालत असेल, तर तिच्या तेलाला काय होणार, असे सहज मनात येते. वास्तविक लहान फेऱ्या तेलाला फार बाधक असतात. एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. यातील बहुतेक वाफ धुराबरोबर बाहेर जाते, पण थोडी दट्ट्याच्या कड्यांवाटे तेलापर्यंत पोहोचते. दूरच्या प्रवासात तेल पुरेसे तापून हे पाणी उडून जाते. दोन-तीन किलोमीटरांच्या फेरीत एंजिन तापण्यापूर्वीच बंद होते. पाणी आणि न जळलेले पेट्रोल तेलातच राहते. ईशान्य मोसमी पावसाच्या दिवसांत, ऑक्टोबर ते डिसेंबरपर्यंत, दमट हवेची त्यात भर पडते. तेल भरण्याच्या झाकणाखाली दिसणारी पिवळसर, लोण्यासारखी साय ही याचीच खूण असते.

या दोषावर संश्लिष्ट तेल हा उपाय नाही. पाण्याने खराब झालेले महाग तेल हे खराब तेलच होय. येथे किलोमीटर मोजण्यापेक्षा महिने मोजावेत. पुस्तिकेत वर्षाची मुदत असेल, तर काटा काहीही दाखवो, वर्षाला तेल बदलावे आणि पंधरा दिवसांतून एकदा गाडी कुंभकोणमपर्यंत नेऊन आणावी.

जुने एंजिन

अँबेसडरसारख्या जुन्या एंजिनातील फटी मोठ्या असतात आणि त्यासाठी २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० अशी दाट तेलेच योजलेली होती. अशा एंजिनात पातळ संश्लिष्ट तेल घातल्यास दाब घटतो आणि झिजलेल्या कड्यांवाटे तेल जळू लागते. दर हजार किलोमीटरला लिटरभर तेल पिणाऱ्या गाडीत महागडे तेल घालणे म्हणजे ते धुराच्या वाटेने सोडून देणे होय. संश्लिष्ट तेलाने जुन्या गाडीला गळती लागते, असाही एक समज आहे. तो निराधार नव्हता. आरंभीची काही तेले रबरी बंद आकसवत असत. पुढे एस्टर मिसळून हा दोष दूर करण्यात आला. आज गळती दिसली, तर बंद आधीच झिजलेले होते आणि त्यांना बुजवून ठेवणारा जुना मळ धुतला गेला, असे मानणे अधिक योग्य ठरते.

दोन्ही प्रकारची तेले एकमेकांत मिसळतात. वाटेत तेल कमी पडल्यास योग्य श्रेणीचे कोणतेही तेल घालून घर गाठण्यात धोका नाही. कमी तेलावर गाडी रेटण्यात मात्र निश्चित धोका आहे. तसेच तेल काळे झाले म्हणजे ते निकामी झाले, असेही नाही. काजळी स्वतःमध्ये विखुरलेली ठेवणारे तेल काळे होणारच. डिझेल एंजिनात तर ते लवकरच काळे पडते. जे तेल दीर्घकाळ वापरूनही स्वच्छ दिसते, ते मळ एंजिनातच सोडून येत नाही ना, अशी शंका घ्यावी.

खरी कसोटी : श्रेणी

मूलतेलाच्या कुळापेक्षा महत्त्वाची ठरते ती तेलाची श्रेणी. पेट्रोल एंजिनांच्या तेलांसाठी अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची ‘एस’ने सुरू होणारी मालिका आहे, ‘एसएन’ ही श्रेणी २०१० मध्ये आणि ‘एसपी’ २०२० मध्ये आली. नवी श्रेणी सामान्यतः जुन्या श्रेणीच्या जागी चालते, जुनी नवीच्या जागी चालत नाही. टर्बो पेट्रोल एंजिनांत कमी वेगावर ठिणगीआधीच इंधन पेट घेण्याचा जो घातक दोष आढळला, त्याचा बंदोबस्त ‘एसपी’ श्रेणीत केलेला आहे. भारतीय मानक संस्थेचे ‘आयएस १३६५६’ हे मानकही एंजिनाच्या तेलांसाठीच आहे.

डिझेल गाडीच्या मालकाने तर अधिकच दक्ष असावे. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत-६ उत्सर्जन नियमांमुळे नव्या डिझेल गाड्यांच्या धुराच्या मार्गात काजळी अडवणारी गाळणी असते. अडलेली काजळी वेळोवेळी जाळून टाकता येते, परंतु तेलातील धातुयुक्त समावेशकांची राख जळत नाही. ती गाळणीत साचत राहते. अशा गाडीला अल्प राखेचे तेल लागते. उत्तम प्रतीचे संश्लिष्ट तेलही राखेचे प्रमाण अधिक असल्यास या गाळणीचे नुकसान करते.

याउलट, अलीकडील पुष्कळ पेट्रोल गाड्यांच्या पुस्तिकेत ०डब्ल्यू-२० किंवा ०डब्ल्यू-१६ असे तेल सांगितलेले असते. इतके पातळ तरीही न उडणारे तेल पहिल्या गटाच्या मूलतेलापासून बनवता येत नाही. अशा गाडीच्या मालकापुढे खरोखर निवडच उरत नाही. पुस्तिकेने ती आधीच केलेली असते.

हिशेब

आता पैशाचा विचार करावा. खनिज तेल लिटरला ३५० रुपये, संश्लिष्ट तेल ७०० रुपये आणि एंजिनात एका वेळी साडेतीन लिटर तेल मावते, असे हिशेबापुरते मानू या. प्रत्येक बदलाला १,२२५ रुपये अधिक लागतील. यात्रेची गाडी वर्षाला ४०,००० किलोमीटर धावते आणि कठीण वापरामुळे दर ५,००० किलोमीटरला तेल बदलते, असे धरल्यास वर्षाला आठ बदल होतील व जादा खर्च ९,८०० रुपये येईल. किलोमीटरमागे हे सुमारे साडेचोवीस पैसे झाले. गाडी लिटरमागे १५ किलोमीटर जाते आणि पेट्रोल १०० रुपये लिटर आहे असे मानले, तर इंधनाचा खर्च किलोमीटरला ६ रुपये ६७ पैसे पडतो. पातळ तेलाने इंधनात दोन टक्के बचत झाली, तर सुमारे तेरा पैसे परत मिळतात. म्हणजे जादा खर्चाचा अर्धाअधिक भाग भरून निघतो. उरलेले अकरा-बारा पैसे, वर्षाचे सुमारे साडेचार हजार रुपये, हा उष्णतेविरुद्धचा विमा समजावा. एंजिन उघडून दुरुस्त करायचे झाल्यास खर्च याच्या कित्येक पट होतो. शिवाय गाडी बंद असेल तितके दिवस भाडे बुडते आणि कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही.

परंतु हा विमा एकाच अटीवर लागू होतो. संश्लिष्ट तेल घातले म्हणून बदलाचे अंतर मनाने दुप्पट करायचे, ही सर्वांत महाग पडणारी काटकसर आहे. काजळी, पेट्रोल आणि पाणी यांचे तेलात मिसळणे मूलतेलाच्या कुळाकडे पाहून थांबत नाही, आणि आम्ल मारणारी समावेशके दोन्ही प्रकारांत खर्ची पडतातच. दर ५,००० किलोमीटरला बदललेले योग्य श्रेणीचे खनिज तेल हे २०,००० किलोमीटर ताणलेल्या संश्लिष्ट तेलापेक्षा एंजिनाचे अधिक हित करते.

वापरलेले तेल

तेल एंजिनातून काढल्यावर मालकाची जबाबदारी संपत नाही. वापरलेल्या तेलात धातूंचे सूक्ष्म कण आणि ज्वलनातून आलेली घातक संयुगे असतात. कायद्याने ते धोकादायक अपशिष्ट ठरवलेले आहे. त्याचे पुन्हा शुद्धीकरण करून मूलतेल मिळवता येते आणि १ एप्रिल २०२४ पासून या कामाची जबाबदारी तेलाच्या उत्पादकांवरही टाकण्यात आली आहे. कालव्यांचे जाळे पसरलेल्या या प्रदेशात गटारात ओतलेले तेल पुढच्या शेताच्या पाटात दिसू लागते. पाण्यावर पसरणारा त्याचा तवंग हवेचा मार्ग अडवतो. ज्या पाण्यावर भात पिकतो, त्याच पाण्यात हे विष मिसळते. म्हणून जुने तेल डब्यात भरून अधिकृत संग्राहकाकडे जाईल, अशाच ठिकाणी तेल बदलून घ्यावे.

तात्पर्य

दुकानासमोरच्या तीन गाड्यांना आता उत्तर देता येते. व्यापाऱ्याच्या अँबेसडरने नेहमीचे दाट खनिज तेल वापरावे, ते वेळेवर बदलावे आणि वाचलेले पैसे रबरी बंद बदलण्यावर खर्च करावेत. यात्रेच्या गाडीने पुस्तिकेत सांगितलेल्या श्रेणीचे संश्लिष्ट तेल घेऊन कठीण वापराचे अंतर पाळावे. शिक्षिकेच्या टर्बो गाडीला संश्लिष्ट तेल हवेच, पण तिचे खरे औषध वर्षाच्या वर्षाला बदल आणि अधूनमधून लांबचा प्रवास हे आहे.

एकाच रस्त्यावर, एकाच हवेत तिघांची उत्तरे वेगळी आली, यातच या विषयाचे सार आहे. ग्राहकाने प्रथम पुस्तिकेतील दाटपणा आणि श्रेणी पाहावी, नंतर आपली गाडी कशी चालते याचा प्रामाणिक विचार करावा, त्यानंतर डबा अस्सल व मोहोरबंद आहे याची खात्री करावी आणि अखेरीस ‘खनिज की संश्लिष्ट’ हा प्रश्न विचारावा. बहुधा तोपर्यंत त्याचे उत्तर मिळालेले असेल. राहिले एक काम, ज्याला पैसाही लागत नाही : आठवड्यातून एकदा, सपाट जागेवर, एंजिन थंड असताना पट्टी काढून तेलाची पातळी पाहणे. पातळी खाली गेली असेल, तर कोणत्याही कुळाचे तेल एंजिनाला वाचवू शकत नाही.